मालगाडी जाईपर्यंत

नेवाडातल्या त्या रेल्वेच्या गावात कॉफीच्या रांगेत उभ्या रुचाला शेजारच्या टेबलावरून मराठी ऐकू आलं.

"काका, चला आता माझ्याकडे फ्रिस्कोला. इथे साधी गाडी थांबत नाही."

"पूर्वी प्रत्येक इंजिन इथे पाणी भरायचं, अमेय. अख्खं गाव रेल्वेत होतं."

"आणि आता?"

"आता गाड्या नुसत्या धडधडत जातात. पण गाव अजून थांबतं त्यांच्यासाठी. गाडी आली की सगळे बोलता बोलता गप्प. गेली की वाक्य तिथूनच पुढे. आहे असं तुमच्याकडे?"

"मस्तच आहे, काका. पण तुम्ही इथे एकटे..."

मालगाडी आली. सगळं दुकान गप्प झालं; ऑर्डर देता देता रुचाही. काउंटरवरच्या बाईने येऊन न विचारता काकांचा कप भरला, त्यांच्या खांद्यावर थोपटलं. शेवटचा डबा गेला.

"...नाही आहात," अमेय म्हणाला.