पायधूळ

— नाही, नाही, तिथेच थांबा! त्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे — तुमच्या पलीकडे नव्हे हो, माझ्या पलीकडे, म्हणजे आत्ता आहात तिथेच. हां. बसा त्या बाकावर. राग मानू नका. मागणी घालायला आलेल्या माणसाला असं बागेच्या फाटकावर बसवू नये, मला कळतं, पण लोक मुलाचं शिक्षण बघतात, घरदार बघतात, मी आधी तळवे बघतो. दुसरे बाप कुत्रा सोडतात, मी ब्रश देतो. हा घ्या. बूट काढा, उजवा आधी. आमची ही तुम्हाला फोनवर काय म्हणाली? "एकदा पायधूळ झाडा आमच्याकडे." ऐकलं मी, आणि हातातला घास हातातच राहिला. मग फोन कट झाला ना? तो कट झाला नव्हता, मी ओढून घेतला होता. अहो, अख्ख्या भाषेत बाईला दुसरं बोलावणं सापडू नये? चहाला या म्हण, जेवायला या म्हण! आमच्या केळीच्या बागेत कुणी खरंच पायधूळ झाडली, तर पुढच्या पाहुण्याला दाखवायला नुसता बांध उरेल.

घासा. असं वरवर नको — दातांचे डॉक्टर ना तुम्ही? मग तळव्याच्या खाचा म्हणजे दाढा समजा. आतली बाजू, मागची बाजू, कोपरे. दिवसभर लोकांना हेच सांगता, आज स्वतःच्या हाताने करा. आधी सुकी माती काढायची, मग त्या ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे. चिखल तसाच ठेवून बुडवले तर औषध वरून वाहून जातं आणि रोग आत छत्री उघडून बसतो. हो, हो, आज तुम्ही शहरातून थेट आलात, कबूल. पण काल कुठे होतात? नदीपलीकडे, आईकडे. ठकीने सांगितलं. ठकी म्हणजे — अरेच्चा, तुम्हाला तिचं कागदावरचं नाव माहीत असणार. घरात ती ठकीच. मी सांगितलं म्हणून बोलू नका, जीव घेईल माझा.

नदीपलीकडे तुमच्या वडिलांची बाग मी पाहिलेली आहे. घड असे, की झाडाला टेकू द्यावा आणि टेकूलाही टेकू द्यावा. आणि मग ती पानं — खालची आधी पिवळी झाली, मग वाळून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबली. खोड कापलं की आत तांबूस कडी. मर! काय नाव आहे बघा, काना नाही, मात्रा नाही, नुसता हुकूम. औषध? बुटांना आहे, झाडाला नाही. मातीत एकदा शिरली की आपण जाऊ, ती जात नाही. बरं, केळीला बी नसतं. बुंध्याशी पिल्लू फुटतं ना, मुनवा, तो काढून लावायचा — म्हणजे ही आख्खी बाग एकाच आईची लेकरं. एकीला जे मारतं ते सगळ्यांना मारतं, कुणी वेगळ्या काळजाची निघतच नाही. शहरात लोकांना वाटतं केळं दुकानात उगवतं. पण पोराला दात यायच्या आधी काय भरवता? आणि म्हाताऱ्याचे दात गेल्यावर? तुमच्या धंद्याच्या दोन्ही टोकांना आमचाच माल आहे, डॉक्टर! तो संपला तर मधल्या दातवाल्यांनी काय करायचं ते करावं, टोकाच्यांनी काय खायचं?

डावा बूट घ्या आता. आणि कीड वेगळी, मर वेगळी, हे लक्षात ठेवा. कीड निदान दिसते तरी. तुम्हीच नाही का मला म्हणालात, "काका, कीड कुठेच नाही, दाढ ठणठणीत आहे" — कधी? कधी म्हणजे... जाऊ द्या, आता निसटलंच तोंडातून. आलो होतो तुमच्या दवाखान्यात. टोपी घालून, गळ्यात मफलर गुंडाळून. हिला सांगितलं खताची चौकशी करून येतो. तुम्ही तोंडात आरसा घालून बघत होतात आणि मी डोळे तिरके करून तुमचे बूट बघत होतो. स्वच्छ होते. खोटं कशाला बोलू? आणि माझ्या आधी ती भोकाड पसरलेली चिमुरडी होती, तिच्या हातात तुम्ही आरसा दिलात, म्हणालात माझं गणित कच्चं आहे, तूच मोज तुझे दात. ती मोजता मोजता रडायची विसरली. मी घरी येऊन हिला म्हणणार होतो, मुलगा अगदीच — ते राहू द्या. हे घ्या, आत जाताना घालायचे आमचे गमबूट. दोन्ही डाव्या पायाचे आहेत, त्याला इलाज नाही. माझा मेव्हणा मागच्या खेपेला दोन्ही उजवे घालून गेला. अजून गोल गोल फिरत असेल.

आणि ती पिशवी कसली? आईंनी दिली? वा, वा, कशाला त्रास घेतला. सोडा की गाठ, बघू — अरे! अरे, ठेव! ठेव ते खाली! इकडे नाही, तिकडे, पट्टीच्या तिकडे रे! मुनवा! मातीसकट मुनवा! अरे बाबा, मी पायांवर पहारा बसवला आणि तू रोग हातात घेऊन आलास, तोही शुभेच्छांसह! ...बस. बस खाली. तुला एकदम अरे-तुरे केलं का मी? घाबरलं की तोंड असंच सुटतं. काय म्हणालास? ...एकच झाड जगलं? मोरीच्या पाण्यावरचं? आख्खी बाग गेली आणि ते राहिलं, म्हणून आईंनी त्याचाच मुनवा... थांब जरा. उचलून दाखव. लांबूनच. ...काय पानं आहेत रे. तलवारी नुसत्या. लपवत नाही, लाळ सुटली मला. मरीतून जगलेलं झाड! तेच तर सगळे शोधत बसलेत. पण जगलं म्हणजे काय झालं, सांग? एक तर ते खरंच पहिलवान असेल. नाही तर रोग त्याच्या पोटात शहाण्यासारखा हाताची घडी घालून बसला असेल, दुसऱ्याच्या घरी जायची वाट बघत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. नाही. बागेत नाही येणार ते. दोन पिशव्या घालू, वर घट्ट गाठ, आणि कृषी महाविद्यालयात तपासायला नेऊन दे — जाताना आजच, घरी ठेवू नकोस. आणि आईंना फेकलं म्हणून सांगू नकोस. फेकलेलं नाहीच. एवढं एकच उरलं होतं, त्यातलंही पिल्लू काढून दिलं बाईने. मी दिलं नसतं. सांग त्यांना, मी स्वतः पट्टी ओलांडून भेटायला येईन. त्यांच्या हातात ब्रश देणार नाही.

काय? हो, परत येताना मी घासेनच माझे बूट. माझं काही नाही रे. ही म्हणते, तुम्हाला मुलगा पसंत नाही म्हणून तुम्ही रोगाची ढाल करता. तसं नाही. तू मला सांग, लग्न झाल्यावर ठकी तुझ्या आईकडे जाणार-येणार ना? सुट्टीला, दुखण्याखुपण्याला? जायलाच हवं, त्या एकट्या आहेत. त्या मातीत उठेल, बसेल, आणि मग माहेरी येईल. कशी येईल? शाळेतून यायची तशीच, गाडी थांबायच्या आत उतरून धावत, एक चप्पल रस्त्यातच. आणि मी काय म्हणू? "थांब, पट्टीच्या पलीकडे थांब"? स्वतःच्या पोरीला? आणि नाही म्हटलं तर बाग गेली. माझी एकट्याची नाही, पाटाचं पाणी पुढे ज्यांच्याकडे जातं त्या सगळ्यांची. पंपाशी उभं राहून मोठ्याने म्हणून बघितलं मी ते वाक्य. मेव्हण्याला म्हणता येतं, पुढाऱ्यालाही म्हटलं — तो आल्या पावली परत गेला, बरंच झालं. पण तिला म्हणायचं म्हटलं की जीभ उचलत नाही. म्हणून रे. म्हणून वाटत होतं, तू निदान वाईट तरी निघावास. त्या खुर्चीत आडवा पडून मी तेवढीच प्रार्थना करत होतो, आणि तू म्हणतोस, काका, आ करा.

— कोण आहे तिकडे? ठकी? अगं, तू केळीमागे कधीपासून उभी आहेस? काय ऐकलंस? ...सगळं? टोपीपासून? अगं, पण निघालीस कुठे — ठकी, पट्टी! पट्टी ओलांडलीस! घरातल्या चपला घालून! ...बसली. बसली त्याच्याशेजारी. सगळी माती त्याने तिथेच झाडली आहे गं, त्यातच पाय टेकलेस! आता आत कशी येणार? हसू नकोस. मी विचारतोय ना, आता आत कशी — हसतेस काय? नियम म्हणजे नियम, मी तुझ्या आईलासुद्धा सोडत — काय? पाय कशाला पुढे करतेस?

...मी?

...चप्पल काढ आधी. दे. पाय दे इकडे. हलवू नकोस, बोटांच्या मधे राहते माती. गुदगुल्या होतात तर होऊ देत, सगळ्यांनाच होतात.

आणि तू काय बघतोयस, डॉक्टर? तिकडे बघ. माझ्याकडे नको, तिकडे — तिकडे बघ म्हटलं ना.