खून पटला, जीप नाय पटली

...नाय, पर मी म्हन्तो, मानूस मारला ना मी? गोष्टीत का व्हईना, पर चांगला धडधाकट बागायतदार मारला, भर दुपारी, टमाट्याच्या मांडवात, आवाज न करनाऱ्या पिस्तुलानं! त्याच्यावर कुनी बोलंल का? नाय. बोलत्यात कशावर, तर जीपवर.

तुमाला सांगतो, मी येडगावचा भरत. धरणावरच्या हापिसात कारकून. धा वर्सं गोष्टी लिवतोय आन् धा वर्सांनी, नव्यान्नव साली, पुण्याच्या एका दिवाळी अंकात एक छापून आली, नावासकट. सुपारी घेऊन खून करनारा गडी. मुंबैवरनं येतो, नारायणगावला उतरतो, येडगावच्या जीपमधी बसतो आन् मी काय लिवलं... 'तो बसताच जीप धुरळा उडवीत भरधाव सुटली.' एक वळ राव. त्या एका वळीनं माझं वाटुळं केलं.

पैल्यांदा वाचली बायकूनं, शीलानं. डोळं हे एवढं मोठं झालं. मला वाटलं, भ्याली. तर म्हन्ती कशी, "आवं, एकट्याला घिऊन सुटली? नारायणगावातनं? पंधरा शिटा भरल्याबिगर?" मी म्हन्लं, आगं फुडं वाच, फुडं खून हाय. "खुनाचं असूंद्या वो, खून काय, कुटं बी व्हतो." म्हंजी खून पटला, जीप नाय पटली.

शाळेतले गुरुजी भेटले. ते शुद्ध बोलत्यात. "भरतराव, भाषा ओघवती, वातावरण उत्तम... फक्त जीपच्या बाबतीत वास्तवाचं भान सुटलंय." आन् मग मंचरवरनं एक पोस्टकार्ड आलं. माझ्या जल्मातलं वाचकाचं पैलं पत्र. काय लिवलं व्हतं? 'कथा आवडली. एका प्याशिंजरावर जीप सोडणाऱ्या ड्रायव्हरचे नाव कळवावे. मी रोज जातो-येतो.'

बरं, ह्यांचं मी मनावर घेतलं नाय. माझा जीव अडकला व्हता तात्यापाशी. तात्या म्हंजी माझे वडील, भिमाजी. धा वर्सं एकच म्हन्त्यात, "कागदं काळी करतंय." त्यांना वाचाया येत नाय, म्हनून शीलानं टमाटी निवडता निवडता समदी गोष्ट वाचून दावली. मी दाराआड उबा, कान लावून. ह्या मानसानं एकदा 'बरं हाय' म्हनावं, बास, बाकी कुनी काय म्हनंना! गोष्ट संपली. तात्यांनी एक टमाटं उचललं, पुसलं, क्रेटात ठिवलं, म्हन्ले, "जीप अशी सुटत नाय." आन् उसाला पानी द्याया गेले. लई लागलं राव.

आता नारायणगावला मी कायम फटफटीवर जानारा, म्हनूनच ती वळ तशी आली, कबूल. पर एक दिस फटफटी झाली पंक्चर, आन् नारायणगावात मी जीपच्या मागच्या पायरीवर लटकलो. आत बगतो तर फुडं ड्रायव्हरच्या सीटशेजारी तात्या. टोपी मागं सारल्याली, निम्मे वळल्याले, आन् मागच्यांस्नी सांगत्यात... "मंग त्यो गडी बसला हितं, आपल्या सरूबाईच्या जाग्यावर. मांडीवर बॅग, बॅगंत पिस्तूल." सरूबाईनं मांडीवरची पिशवी पटकन खाली ठिवली! "आन् बसला की, दीड तास बसला. ड्रायव्हर वरडतोय, येडगाव येडगाव, एक सीट, एक सीट. गड्याचा टाइम चाललाय, पर करतो काय? पिस्तूल दावून बी जीप सुटत नाय." समदे हसत व्हते आन् टरकत बी व्हते. आवं, हे माझ्या गोष्टीत नायच! मला सुचलंच नाय!

तेवढ्यात पंधरा भरले, सोळावा मी. कुंडलिक ड्रायव्हर आला, अर्धा सीटवर अर्धा भायेर असा बसला, चावी फिरवली. तर सरूबाई काय म्हन्ली? "आरं थांब मुडद्या, आदी खून हूंदे." आन् थांबला! कुंडलिकनं चावी काडून हातात घेतली. भरल्याली जीप, इंजिन बंद, धा मिन्टं, माझ्या गोष्टीपायी उबी. मागचा जीपवाला हारन मारतोय, तर हा हात भायेर काडून त्यालाच गप करतोय.

झाला एकदाचा खून. सरूबाईनं श्वास सोडला. "कुनी लिवलं वो, तात्या?"

तात्या म्हन्ले, "आमच्या भरतनं. जीपचं तेवढं चुकलं व्हतं त्याचं, ते मी नीट केलं. बाकी गोष्ट एक नंबर."

लटकल्या लटकल्या डोळं भरून आलं माझं. डोळ्यात धुरळा गेला म्हनावं, तर जीप उबीच व्हती.

घरी आलो आन् तसंच्या तसं लिवून काडलं. दोन पानं. शीलाच्या हातात दिली. समदी वाचली तिनं, डोळ्याला पदर लावला. म्हन्ली, "मामंजींचं वाचून लई बरं वाटलं बगा." मी फुगलो. मग ती पानं पुना उलटीपालटी केली, आन् म्हन्ती कशी... "पर भरल्याली जीप? धा मिन्टं उबी? नारायणगावात?"

ह्या टायमाला तर खरंच लिवलं व्हतं वो... खून पटला, बाप बी पटला, जीप नायच पटली.