तीन ठिपक्यांची कुऱ्हाड

चौऱ्याहत्तरचा मे होता. सांगलीच्या जेलबाहेर, भावाला भेटायला आलेली म्हसवडची हरणाबाई रांगेत उभी होती. तिच्या पुढं कुंडलची बनुबाई होती. एवढ्यात बनुबाईच्या गावचा म्हातारा लोहार, नाथाजी, तिच्याजवळ येऊन थांबला, आणि हरणाबाईचे कान तिकडं लागले.

"नाथाभावजी, तुमी हितं?"

"सयाजीला भेटाया आलोय, वैनी."

"माझ्या लेकानं खून केलाय. तुमाला कशाला त्याची भेट?"

"कुऱ्हाड म्या घडवलेली. कोर्टात दावली, तवा पात्यावरचं माझ्या खुणेचं तीन ठिपकं वळखलं."

"घडवणाऱ्याचा गुन्हा न्हाई म्हणाला की जज्जसायेब."

"कायद्यात नसंल. पर वैनी, तापवून पाणी लय कडक दिलं हुतं म्या तिला, धार मोडायचीच न्हाई अशी. बोथट असती तर त्यो माणूस वाचला असता का, एवढंच सयाजीला इचारायचंय. आठ म्हैनं झालं, घण उचलंना."

"बाभळी तोडायलाच केली हुती न्हवं? कुऱ्हाड तुमी घडवली, मंग सयाजीला कुणी घडवला? नऊ म्हैनं पोटात वागवला म्या. आदी मला धरा की."

फाटकातून शिपायानं हाळी दिली, "सयाजीच्या भेटीला एकानंच यायचं!"

"जावा वैनी. दोन म्हैन्यांनी आलाय तुमी."

"न्हाई, तुमीच जावा. तुमाला इचारल्याबिगार झोप लागायची न्हाई."

"आन् तुमी?"

"मी बसते हितं. वाळलाय का, दाढी वाढलीया का, समदं बघून या. आन् भावजी, मला सावकाश सांगा. लगीच संपवू नगा."