चाळीस बाइटचा नियम

"चाळीसले हात लावायचा नाई" — नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं ना, बापूरावभाऊ? काऊन, असं विचारलं तर म्हणे, विचारायचं नाई, पंधरा वर्षं चालून राह्यलं ना. बसा, उठू नका. प्रफुलभाऊ, तुम्ही मॅनेजर, तुम्हीबी बसा — माझ्या सहीवाचून तुमचा कागद अडला आहे ना, मग ऐकूनच घ्या. काय लिहिलं आहे यात? मंगळवारी कोळशाच्या प्लांटमध्ये पट्टा घसरला, कोळसा खाली कोसळला, पट्ट्याखाली काम करणाऱ्या झिंगूचा पाय मोडला — आणि कारण काय, तर ऑपरेटर नागसेन यांनी अलार्मकडे दुर्लक्ष केलं. वाचतानाच किळस आली मले. अलार्म त्याच्या स्क्रीनवर आलाच अकरा सेकंद उशिरा, भाऊ. न आलेला अलार्म तो पाहणार कसा?

उशीर कुठी झाला, ते तुम्हाले माहीत आहे, बापूरावभाऊ. तुम्ही तो मेमरी वाटायचा प्रोग्राम लिहिला तेव्हा मशीनमध्ये मेमरी होतीच मूठभर, म्हणून चाळीस-चाळीस बाइटचे तुकडे एकमेकाले खेटून ठेवले, मधात बोटभर जागा नाई. तेव्हा बरोबर होतं — मी कुठी नाई म्हणून राह्यली? पण प्रोसेसर मेमरी मूठ-मूठ उचलत नाई, चौसष्ट बाइटची अख्खी पट्टी उचलते. समजा आमच्या गावच्या बुधरीआजी आणि ललिताकाकू, दोघींचा मोहा एकाच चटईवर वाळत घातला. आजीले आपला मोहा हलवायचा, तर ती पूर्ण चटई आपल्या अंगणात ओढणार. मग काकू ओढणार. मग परत आजी. मोहा वेगळा, भांडण काहीच नाई, तरी दिवस ओढाओढीतच जाणार. जुन्या मशीनच्या प्रोसेसरले एकच कोर होता, काम करणारा एकच हात, म्हणजे ओढणारी एकटीच — नव्या मशीनले आठ आहेत. सेन्सर वाचणारा कोर आणि अलार्म पाठवणारा कोर, दोघांचे आकडे एकाच पट्टीत. ओढाओढ सुरू, रांग तुंबली, आणि अलार्म बसला रांगेच्या शेवटी. महागाचं मशीन आणलं आणि जुन्यापेक्षा हळू केलं. मी काल चाळीसचे चौसष्ट केले, प्रत्येक तुकडा पट्टीच्या सुरुवातीले ठेवला — अर्ध्या सेकंदाच्या आत अलार्म. मेमरी वाया जाते म्हणता? सोळा जीबी आहे तिथी, आपण एकबी वापरत नाई. कोणासाठी वाचवून राह्यले तुम्ही?

हसू नका, प्रफुलभाऊ. "पोरीले कालपर्यंत कळत नव्हतं" — हेच मनात आहे ना? कळत होतं. मार्चमध्येच कळलं होतं. नवं मशीन तपासताना आठ सेकंद उशीर दिसला मले, आणि मी — म्हणजे, मी दुसऱ्यांदा चालवून पाहिलं, तेव्हा नऊ आला. मग मी दुपारी, लोड कमी असताना, तिसऱ्यांदा चालवलं आणि फक्त तोच कमी आलेला आकडा रिपोर्टमध्ये टाकला. त्याच्याखाली सही माझी आहे. काऊन केलं? कारण नोकरीले दोन महिनेबी झाले नव्हते आणि चाळीसबद्दल विचारायचं नाई होतं. तुमचा राग येते, हो, येतेच. पण घरी आरशात पाहिलं की तुमच्यापेक्षा जास्त किळस मले माझीच येते. नागसेनभाऊची पोरगी माझ्या बहिणीच्या वर्गात आहे, तिले आता शाळेत विचारतात, तुझा बाबा ड्यूटीवर झोपते का.

तर हा कागद घ्या. सही नाई करणार. मार्चचे तिन्ही आकडे आणि कालचा, चारही लिहून मी सकाळीच चौकशी समितीले पाठवले — माझ्या नावानं, चूक माझी म्हणून. तुमचंबी नाव आहे, भाऊ, तुमच्याच नियमासोबत. मले नोकरीवरून काढायचं तर आजच काढा, चाव्या टेबलावर ठेवल्या.

आता सांगा, काय चुकीचं बोलली मी?

प्रफुलभाऊ, दारात काऊन उभे राह्यले?

सरका जरा. मले जाऊ द्या.