भिंत कलली म्हणून

नाही गा कवडू, वाढवाची नाही, उतरवाची आहे. कान साफ करून येत जा ना कामाले. ह्या गुलाबाच्या बुंध्यापासून त त्या नळापर्यंत विटांचे वरचे थर काढून टाक, बस. हाव, मले माहीत आहे, अख्ख्या लकडगंजात लोक भिंती वाढवून राहिले, वरून काचा खोचून राहिले. त्यांच्या घरात चोरासारखं काही असन. माझ्या घरात चोर आला त मीच त्याले इचारीन, काही आणलं का गा? — काहून म्हणजे काय? भिंत कलली आहे. दिसत नाही तुले? ओळंबा कायले काढतो, भिंत सरळ का वाकडी पाहाले? ठेव तो पिशवीत. मी सांगून राहिलो ना, कलली म्हणून.

पहिले ह्या फांद्या सोडा लागतीन. तू नको सोडू, तुझे हात विटांचे. मी सोडतो, तू फक्त धर — अरे काट्यावर नाही, दोन काट्याच्या मधात धर, मिस्त्री झाला न् एवढं समजत नाही. हसून काय राहिला? हाव, माझ्याच धोतराच्या चिंध्या आहेत. सुतळीनं बांधलं त साल कापते, तारेनं बांधलं त मे महिन्यात चटका बसते, जुनं धोतर कसं, फांदी जाडी झाली का आपोआप सैल होते. पण ती अंजनाबाई — ही भिंतीपलीकडची — ती म्हणे, नत्थूजी, अब्रू टांगून ठेवली का गुलाबावर? रोज सकाळी देवाले फुलं तोडाले येणार, अन् देवाच्या आधी माझी पूजा करणार. तोंड आहे का आरा-मशीन! मी आयुष्यभर आरा-मशीनीवर काम केलं गा, पण मशीन रविवारी बंद राहे.

अन् झाड कोणाचं, इचार. नाही इचारत? मी सांगतो. ती धरमपेठेत एका बंगल्यात सैपाक करे, तिथून काडी घेऊन आली. तिच्या अंगणात पुरी फरशी. मंग भिंतीवरून माझ्या हातात देते अन् म्हणते, लावून टाका, तुमच्याकडं माती सोडून दुसरं आहे काय. मी लावली. शेणखत मी घालतो, उन्हाळ्यात पाणी मी घालतो, काटे मले टोचतात, अन् सकाळचं ऊन पडते तिच्या बाजूनं, त फुलं सारे तिकडं तोंड करून. मूळ इकडं, डोळा तिकडं. मी म्हटलं, थांब. सगळ्या फांद्या सरळ उभ्या बांधल्या, आभाळाकडं. आता वेलीच्या गुलाबाचं असं आहे — उभी ठेवली त शेंड्याले तेवढं फूल, खाली नुसते काटे. आडवी निजवली त डोळ्याडोळ्याले कळी. ते तिनं तवाच सांगतलं होतं मले. मी म्हटलं, तुम्ही आपली पोळी सांभाळा. मंग ती स्टूल घेऊन याची अन् स्टुलावरून भांडाची. भिंतीवर नुसतं कपाळ दिसे अन् खालून आवाज. अर्ध्या बाईशीच भांडलो मी इतके वर्षं.

दिवाळीच्या मागंपुढं स्टूल हाललं. धप्पदिशी आवाज आला. मी दाढी करून राहिलो होतो. पहिले वाटलं, नाटक करून राहिली. मंग वाटलं, नाटक असतं त आवाज आला असता तिचा. गेलो तसाच, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. तिथं नर्स मले इचारते, तुम्ही बाईचे कोण? आता काय सांगाव, कोण? मी म्हटलं, आमची एकच भिंत आहे. ती म्हणे, पहिले तोंडाचा साबण पुसा.

हळू मार गा! वीट काढाची आहे, वाघ नाही माराचा. किती खाली आणू म्हणजे? तिच्या कोपराएवढी — म्हणजे कोणाच्याही कोपराएवढी. बायामाणसाच्या. हाताचं प्लास्टर निघालं, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही तिचा. मले काय माहीत? दिसते! नाही दिसत, भिंत आहे मधात, पण कपडे वाळू घालते त दोरी खाली बांधली आहे, ते दिसते ना.

नाही, तिच्यासाठी कायले पाडू? पैसे जास्त झाले का मले? गुलाबासाठी पाडून राहिलो. एवढ्या उंच भिंतीनं हवा लागत नाही, पानावर भुरी पडते. — अरे, मंगाशी कलली म्हटलं त कलली बी आहे अन् भुरी बी पडते. एका भिंतीले दोन रोग होत नाहीत का? तुझ्या बापाले तीन होते.

तिचा पोरगा येऊन राहिला रविवारी. लहानू. कोराडीले पावरहाऊसात आहे, क्वार्टर भेटलं त्याले. म्हणे मायले घेऊन जातो. घेऊन जाय ना! मले काय करा लागते? तिथं लुगडं वाळत टाकलं त राख बसते म्हणतात, पण जाय. तो मागच्या खेपेले अंगणात समजावत होता तिले, अन् मी इकडं आळं करून राहिलो होतो, मुद्दाम नाही ऐकलं. ती म्हणे, चल बापा, इथं तरी आता काय आहे माझं, फुलापर्यंत हात बी जात नाही.

बस, एवढंच म्हणे. भांडली बी नाही.

आण ती फांदी इकडं. एकदम नको झुकवू, जुनं लाकूड आहे, कटकन मोडते. आज इतकी, उद्या आणखी इतकी. भिंतीच्या माथ्यावर निजवून देऊ तिले. हे पाहा, ही कळी रविवारपर्यंत उमलते. उमलते म्हणजे उमलते, मी झाडाले सांगून ठेवलं आहे.

चूप. चपला वाजल्या. ऐक, तिनं इचारलं त तू सांग, भिंत कलली होती. मी नाही इथं, मी मागं आहे. तू कर आपलं काम, वर पाहू नको — पाहाय, पाहाय, हनुवटीपर्यंत दिसून राहिली. ही हनुवटी अशी आहे होय! दवाखान्यात नेलं तवा पाहाले कुठं सुचलं. अन् हात पाहा. ठेवला फांदीवर. खांदा उचलला नाही तरी पोचला ना गा.

सांगतलं ना तू तिले, कलली होती म्हणून? मंग काय म्हणे ती? तू ऐकलं? "नत्थूजी, ओळंबा लावला होता का?"

कवडू, तू घरी जा, जेवून ये. नऊच वाजले त काय झालं, भूक काय घड्याळ पाहून लागते? अन् तो ओळंबा पहिले पिशवीत खाली घाल, दिसला तिले त — जा म्हटलं ना गा.