बटाट्यांचे पांडव

— पेढे राहू दे तिकडं, ऋतुजा, आधी ऐक. तिकडं परदेशात रुळायला किती दिवस लागतात म्हणून विचारतेस ना? मला वाटलं होतं, एमबीएच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात प्रोफेसर विचारतील, तुमच्या लातूरच्या बाजारात तुरीचा भाव कोण ठरवतं — आणि मी उभी राहून सांगेन, आणि सगळे माना वळवून बघतील. आणि निघालं काय? तीन आठवडे मला कुणी नावानं हाक मारली नाही. माझं ज्ञानेश्वरी हे नाव लांबलचक ना. तिथं सगळा अभ्यास गटानं करायचा, अन् गट तर पहिल्या दिवशीच चहाच्या रांगेत ठरून गेलेले. मी रांगेत नव्हते, मी हॉस्टेलमध्ये घरून आणलेले धपाटे खात बसले होते, लाजत. दिल्लीची दोघं, पुण्याची एक, तिथलीच दोन पोरं — असा एक गट होता, सगळ्यांना त्यातच जायचं होतं. एक दिवस पुण्याच्या पोरीनं विचारलं, तू कुठली? मी म्हणाले, कोथरूड. एवढंच. दुसऱ्या दिवशी सहावी खुर्ची माझी. हसू नकोस. तूही म्हणशील. तिथं तुझ्या भोकरचं नाव सांगून बघ, मग कळेल.

काय? आपल्याकडचं कुणी होतं का? होती की. तनुजा. आमच्या शिरूर अनंतपाळच्या व्यंकटकाकांची. शाळेत दहा वर्षं एका बाकावर बसलो, तिथंही एकाच मजल्यावर खोल्या. तुझे वडील म्हणतात ना, आपलं माणूस धरून राहा — हेच तर सांगतेय मी तुला, की धरू नको. आपलं माणूस म्हणजे तुझ्या गळ्यात बांधलेली पाटी. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ज्ञाना, ज्वारीचं पीठ हाय का गं — आणि मी कोथरूडची. शेवटी एकदा जिन्यात गाठून सांगितलं तिला, लोकांसमोर मला ओळख देऊ नकोस, मराठीत बोलू नकोस. वाटलं, भांडेल. म्हणाली, बरं. आणि खरंच पाळलं तिनं, समोरून गेली तर मान खाली घालून जायची. मला त्याचाही राग यायचा, इतकं कसं गं ऐकते माणूस?

मग डिसेंबर आला, येळवस आली, आपली वेळ अमावस्या. तुमच्याकडं एवढं नसेल, पण आमच्या लातुरात त्या दिवशी दुकानं बंद, शहर रिकामं, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पाच पांडव मांडायचे, दगडांना चुना लावून. भज्जी, आंबील, उंडे — वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरायचं. खाली बोर्ड बघितलास ना माझा? तेच मी आता पुण्या-मुंबईच्या लोकांना आणून दाखवते. आणि कॉलेजाकॉलेजात जाऊन सांगते, आपल्या मातीची लाज धरू नका. मनापासून सांगते बरं, टाळ्यांसाठी न्हाई. सांगताना माझे डोळे भरतात, खरंच भरतात.

तर तनुजानं काय केलं — मजल्यावरच्या स्वयंपाकघरात खोक्यांची कोप केली. पाच बटाटे मैद्यात बुडवून पांढरे केले, झाले पांडव. दह्याच्या डब्यांत तिनं मेथी उगवली होती, बोटभर, ते तिचं रान. आणि सगळ्या मजल्याला जेवायला बोलावलं. आमचा गटही आला, फुकट जेवण, कोण सोडतं? पुण्याच्या पोरीनं आंबील तोंडाला लावली अन् सगळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतली, आणि मी — मी सगळ्यांत जोरात हसले. तनुजानं ऐकलं. तरी थांबली का? न्हाई. अंधार पडला तशी लाकडी पळीला कागद गुंडाळून हेंडगा केला, पेटवला, आणि त्या मेथीच्या डब्यांभोवती फिरायला लागली. दोनच फेऱ्या. मग अलार्म. तीनशे पोरं थंडीत रस्त्यावर, कुणी टॉवेलवर, कुणी अनवाणी, आगीचे दोन बंब. आमच्या गटातला एक तिचा व्हिडिओ काढत होता आणि मी त्याच्यासाठी बाजूला सरले, नीट दिसावं म्हणून.

हॉस्टेलच्या मॅनेजर बाईनं तिला ऑफिसात बसवलं. बाई चांगली होती. मुद्दाम आग लावली असेल तर खोली जाणार, मग युनिव्हर्सिटीची चौकशी, मग व्हिसा — हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं. तनुजानं फोनवर येळवशीच्या बातम्या दाखवल्या, पण सगळ्या मराठीत, बाईला काय कळणार? शेवटी बाई म्हणाली, तुझ्या भागातलं कुणी उद्या सकाळी दहाला येऊन सांगितलं की ही खरीच तुमची रीत आहे, तर ताकीद देऊन सोडते. तनुजा सरळ माझ्या दारात. लोकांसमोर न्हाई, जिना रिकामा झाल्यावर आली, दिलेला शब्द तेव्हाही पाळला तिनं. म्हणाली, "ज्ञाना, फकस्त एवढं सांग, की येळवस असते. बाकी काय बी सांगू नको."

मी म्हणाले, येते.

आता? आता उदगीरला दिलीय तिला. मार्चमध्येच परत आली होती. घरी म्हणे हवा मानवली न्हाई एवढंच सांगितलं. कुणाजवळ माझं नाव काढलं न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर मी तिला केव्हाच विसरले असते, पण तेवढाही उपकार — असं का बघतेस? तू काय केलं असतंस? रजिस्टरात महाराष्ट्र बघून बाईनं मजल्यावर माझी चौकशी केली होती, अन् रात्री गटाचा मेसेज आला होता, ती बाई तुला का विचारतेय, तू तर पुण्याची ना? सहावी खुर्ची, ऋतुजा. तुला कळत न्हाई अजून सहावी खुर्ची म्हणजे काय. तीन आठवडे बिननावाची राहून ये, मग माझ्याकडं असं बघ.

गेले की मी. शब्द दिला होता. सकाळी जाग आली तेव्हाच ठरवलं, केस धुतले, प्रेझेंटेशनचा कोट घातला, बरोबर दहाला गेले. तनुजा मला बघून उभी राहिली. आणि मी बाईला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, मी महाराष्ट्रातली आहे, असला कोणताही सण आमच्याकडं नसतो. बाई म्हणाली, लिहून द्याल? मी म्हणाले, कागद द्या.

ऊठ आता. भोकरची गाडी लागली असेल.