पुलाची यादी वाचताना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू आणि आपल्या रुग्णालयातल्या सगळ्या सोबत्यांनो,

आज काकांचा निरोप समारंभ, त्यांच्याबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. दोनच? अहो, तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत आम्ही अकरा वर्षं काढली! तिथे सकाळ झालेली कळायची नाही. पंख्यांची संथ घरघर, लुकलुकणारे हिरवे दिवे, आणि डोळे मिटून बसलेले काका म्हणायचे, "हं, वाच गं."

मग मी काळ्या पडद्यावर 'ब्रिज लिंक' टाइप करायची. सर्व्हरच्या आत एक पूल असतो. एक्स-रे, प्रयोगशाळा, औषधालय, सगळ्यांच्या माहितीची ये-जा त्याच्यावरून. कुठली तार चालू, कुठली बंद, हे एकेका ओळीत दिसतं. "एक्स-रे, फॉरवर्डिंग," मी वाचायची. म्हणजे वाट मोकळी. काका मान डोलवायचे. मला वाटायचं, आपण खरंच कुठल्याशा पाण्याच्या काठी बसलोय आणि धुक्यातून माणसं पूल ओलांडून येतायत.

काका डोळे का मिटायचे? हौस नव्हती हो ती. गेली दोन वर्षं त्यांना पडद्यावरची अक्षरं दिसतच नव्हती. हे आम्हा दोघांतच होतं. काकू, रागावू नका.

गेल्या महिन्यात एका सकाळी मला कंटाळा आला. रोज तीच यादी, त्यात काय बघायचं? मी काही टाइप न करताच यादी तोंडपाठ म्हणून टाकली. नेमकी त्या दिवशी प्रयोगशाळेची तार बंद होती. दुपारपर्यंत रक्ताचे अहवाल वर पोचले नाहीत आणि एक बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर ताटकळत राहिली. ती बरी आहे, देवाची कृपा. चौकशीत काका म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं," आणि मुदतीच्या तीन वर्षं आधी राजीनामा देऊन मोकळे झाले. आणि मी? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

अध्यक्ष महोदय, चूक माझी होती. कागदोपत्री तशी नोंद करा. मला लाज वाटते.

काय म्हणालात, काका? थांबा, माइकवर सांगते. काका म्हणतायत, "मला तेव्हाच कळलं होतं गं. कीबोर्ड वाजलाच नव्हता. म्हटलं, दमली असशील, एक दिवस चालेल."

इथेच थांबते. शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. त्या सकाळचं मात्र घालू नका.